टाइमप्लीज म्हटलं की खरंच थांबतात: एका मराठी रोलप्ले सर्व्हरचा रिव्ह्यू

आधीच सांगते, सर्व्हरचं (म्हणजे डिस्कॉर्ड या गप्पांच्या अॅपवरच्या आमच्या गटाचं) नाव देणार नाहीये. एक तर तिथे ओळखीतूनच आत घेतात आणि दुसरं म्हणजे पुढे थोडं भांडणाचंही लिहायचंय, मग नाव कशाला. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच, रात्री साडेदहाला ओटा आवरून डिस्कॉर्डवर मराठीत रोलप्ले खेळायला बसणारे आपण आहोत तरी किती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे म्हणजे मोठ्यांची भातुकली, फक्त सगळी लिहून. मी एक पात्र घेते, तुम्ही एक घेता, मी लिहिते माझं पात्र काय करतंय काय बोलतंय, त्यावर तुम्ही पुढचं लिहिता, मग तिसरा, आणि गोष्ट कुठे जाणारे ते कुणालाच माहीत नसतं. चित्रं नाहीत, लेव्हल नाही, जिंकणं नाही. प्रकार काही नवा नाहीये, 1978 मध्ये इंग्लंडात एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने 'मड' नावाचा लिहूनच खेळायचा गेम सुरू केला, रिचर्ड बार्टलने तो पुढे वाढवला, तिथपासून हे चालूच आहे. नवऱ्याला हे सगळं रंगवून सांगितलं तर म्हणाला "म्हणजे पगार नाही आणि लिहायचं मात्र रोज" आणि कूस बदलून झोपला.

आमच्या सर्व्हरवरची गोष्ट घडते पुण्यात, जून 1961 पासून पुढे. हो, पानशेतचं साल. हे साल ज्याने कुणी निवडलं तो एक तर फार हुशार आहे नाहीतर फार दुष्ट, कारण खेळणाऱ्या प्रत्येकाला माहितीये की 12 जुलैला सकाळी पानशेत धरण फुटणार आणि त्याच दिवशी दुपारी खडकवासलाही जाणार, आणि खेळातल्या एकाही पात्राला ते माहीत असायला नको. रडीचा डाव कोण खेळतो ते बरोबर इथे कळतं. त्यावर येतेच.

आत गेल्यावर पहिला चॅनल नियमांचा. मला वाटलं नेहमीसारखं कुठल्यातरी इंग्रजी सर्व्हरवरून उचललेलं वीस मुद्द्यांचं गुऱ्हाळ असेल, तर निघाल्या पाट्या. अस्सल. "दुसऱ्याच्या पात्राला परस्पर मारू नये. ते मेले की नाही हे त्याचा मालक ठरवेल." "एका ओळीचे उत्तर द्यायचे असल्यास त्यासाठी व्हॉट्सअॅप आहे." "चार दिवस गायब होणार असल्यास सांगून जावे, आम्ही दारात उभे राहणार नाही." "आपले पात्र सर्वगुणसंपन्न असल्यास त्याचे स्थळ इतरत्र पाहावे." आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरात, "टाइमप्लीज म्हटल्यावर कारण विचारू नये." मी तिथेच विकली गेले खरं तर.

पहिल्या पाटीबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण सगळा खेळ त्यावर उभा आहे. बाकीच्या जगात याला गॉडमोडिंग म्हणतात, आमच्याकडे साधं दादागिरी म्हणतात. म्हणजे समजा तुम्ही लिहिलंत "मी त्याच्या कानाखाली वाजवली आणि तो भेलकांडत ओट्यावर पडला", तर ही दादागिरी. कारण पडलो की नाही ते मी सांगणार ना, पात्र माझंय. तुम्ही लिहायचं "मी हात उगारला". बास. पुढे तो हात लागला, चुकला, की मी मधेच पकडला, हे माझ्या पोस्टमध्ये. नवीन आलेल्यांना हे एकच वाक्य पाठ करायला लावतात, 'हात उगारा, लागला का ते समोरचा सांगेल'. ऐकायला सोपं वाटतं पण लिहिताना बोटं आपोआप पुढे धावतात, मी स्वतः पहिल्या आठवड्यात दोनदा "तिला माझं म्हणणं पटलं" असं लिहून बसले होते. तिला पटलं हे मी कोण सांगणारी? खऱ्या आयुष्यात कुणाला पटत नाही इतक्या सहज.

आणि हा नियम काय उगाच कौतुकाने आलेला नाहीये. 1993 मध्ये लॅम्डामू नावाच्या अशाच एका लिहून खेळायच्या जगात (ते झेरॉक्सच्या पार्क संशोधन केंद्रातल्या पावेल कर्टिसने सुरू केलं होतं) एका खेळाडूने व्हूडू डॉल नावाचा प्रोग्रॅम वापरून दुसऱ्यांची पात्रं त्यांच्या मनाविरुद्ध वाटेल ते घाणेरडं करतायत असं सगळ्यांसमोर, भर दिवाणखान्यात लिहून दाखवलं. नुसती अक्षरंच होती स्क्रीनवर, पण ज्यांची ती पात्रं होती ती माणसं हादरली, चांगलं मोठं प्रकरण झालं, ज्युलियन डिबेलने त्यावर 'व्हिलेज व्हॉइस'मध्ये लेख लिहिला, आणि मग तिथे तक्रारी आणि मतदानाची पद्धत आली. आमच्या मॉडने (मॉडरेटर, म्हणजे सर्व्हर सांभाळणारा) नव्या लोकांना हे सांगायची प्रथा ठेवलीये ते मला फार आवडलं, नाहीतर लोकांना वाटतं नियम म्हणजे कुणाची तरी हौस.

बरं टेक्निकल भाग पटकन उरकते. डिस्कॉर्डवर फुकट खात्याला एका मेसेजमध्ये 2000 कॅरॅक्टर (म्हणजे अक्षरचिन्हं, पात्रं नव्हे) मिळतात. इंग्रजीत ते चिक्कार होतात पण देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगवेगळं मोजलं जातं, 'स्त्री' हा एक शब्द सहा कॅरॅक्टर खातो, त्यामुळे ऐन रंगात आलं की पोस्ट तुटते आणि मग दुसरा कुणीतरी मधेच घुसतो. यावर उपाय म्हणून पोस्ट अर्धी असेल तर शेवटी 'क्रमशः' लिहायचं, आणि क्रमशः दिसलं की बाकीच्यांनी हाताची घडी. छान चालतं. पात्राच्या नावाने आणि फोटोने पोस्ट पडावी म्हणून टपरबॉक्स हा बॉट (आपोआप काम करणारा प्रोग्रॅम) आहे, ज्याला आमचे काका टपरीबॉक्स म्हणतात आणि आता सगळेच म्हणतात. पात्राबाहेरचं बोलायचं असेल तर दुहेरी कंसात, किंवा कट्टा नावाच्या वेगळ्या चॅनलवर. तिथे फालतू गप्पा कितीही.

काकांबद्दल सांगायलाच हवं. सत्तरी ओलांडलेले, सदाशिव पेठेतले, आणि खेळतात आठ वर्षांचा एक द्वाड मुलगा. आता हे इंग्रजीत खेळणाऱ्यांना कळणार नाही पण मराठीत तू आणि तुम्हीची केवढी पंचाईत होते बघा. कट्ट्यावर मी त्यांना "काका, जेवलात का तुम्ही" विचारते आणि त्याच मिनिटाला दुसऱ्या चॅनलवर लिहिते "ए कारट्या, उतर आधी त्या कठड्यावरून, तंगडं मोडून ठेवीन". पहिले पंधरा दिवस माझा हात अडखळायचा. मी एकदा चुकून पात्रातच "उतरा हो" लिहिलं तर काकांनी दुहेरी कंसात लिहिलं, "((मला मान दिलात तर माझं पोर बिघडेल))". हा एटिकेट मला तरी कुठे लिहिलेला सापडला नव्हता, की खेळात समोरच्याचं खरं वय, खरा हुद्दा विसरणं हाच त्याचा मान.

आता भांडण.

11 जुलैच्या रात्रीपर्यंत गोष्ट आली तेव्हा आमच्यापैकी एकाने, त्याचं पात्र म्हणजे शनिवार पेठेतल्या वाड्याचा मालक, त्याने अचानक लिहिलं की मालकांना वाईट स्वप्न पडलं, म्हणून त्यांनी दागिने, ट्रंका, धान्याची पोती आणि सासूबाई असं सगळं टांग्याने कॅम्पात हलवलं. स्वप्न! बरं तेही एक वेळ सोडलं असतं, पण 12 तारखेला सकाळी हे गृहस्थ दुर्बीण घेऊन पर्वतीवर. दुर्बीण कुठून आली विचाराल तर तीही स्वप्नातच पडली असावी. अरे बाबा, खेळणाऱ्याला माहीत असलेली गोष्ट पात्राला माहीत असल्यासारखं वागणं म्हणजे मेटागेमिंग, आणि पुराच्या गोष्टीत याहून मोठा रडीचा डाव असूच शकत नाही. बाकी सगळे आपापली पात्रं जाणूनबुजून नदीकाठी ठेवून बसलेत, कुणी ओंकारेश्वराजवळ, कुणी दुकान उघडतंय, कुणाची बाई धुणं घेऊन निघालीये, सगळ्यांच्या पोटात गोळा, आणि हा वर बसून बघणार.

मी मॉडना रीतसर तक्रार केली. तक्रारीची पद्धत चांगलीये, चॅनलवर तमाशा करायचा नाही, पोस्टची लिंक आणि कुठला नियम मोडला तेवढं खासगीत पाठवायचं. पाठवलं. नऊ दिवस काही नाही. दहाव्या दिवशी उत्तर आलं, "अंतर्ज्ञान असू शकतं, आपापसात मिटवा." मग कळलं की वाडामालक आणि मॉड एका कॉलेजचे. मी म्हटलं ठीक आहे, मग माझ्या नर्सलाही (माझं पात्र नर्स आहे) उद्यापासून अंतर्ज्ञान, ती आत्ताच्या आत्ता जाऊन कलेक्टरना सांगते. (नाही केलं असं. पण ड्राफ्ट लिहिलेला होता, अजूनही आहे.) शेवटी चारपाच जणांनी मिळून कट्ट्यावर शांतपणे विषय काढला, मतदान झालं, आणि स्वप्न रद्द, ट्रंका परत वाड्यात, सासूबाईही परत. आणि नियमात एक नवी पाटी लागली, "मॉडच्या मित्राचा निकाल दुसरा मॉड देईल." हे व्हायला तीन आठवडे लागले आणि त्यात दोन चांगले लिहिणारे सोडून गेले ते काही परत आले नाहीत. याचा एक स्टार कापलाय मी. पंच आपलाच मामा असला की कॅरममध्येसुद्धा सोंगटी गेली की नाही यावरून डोकं फिरतं, इथे तर आख्खी गोष्ट असते.

फाशांच्या बाबतीत मात्र यांना मानलं. पुराच्या भागात कुठली वस्तू वाचली, कुठली गेली हे बरंचसं वीस बाजूंच्या फाशावर ठरलं. फासा बॉटच टाकतो आणि तो उघड्या चॅनलवरच टाकायचा, "मी घरी टाकला, अठरा पडले, हा स्क्रीनशॉट" हे चालत नाही. बारा किंवा वर पडलं तर जमलं. माझी नर्स शेजारणीचं शिलाई मशीन माडीवर चढवायला परत आत शिरली आणि पडले चार. आणि कबूल करते, मी लगेच दुसऱ्यांदा टाकला आणि लिहिलं "नेट हँग झालं होतं, दोनदा गेलं वाटतं". दुसऱ्या वेळी सोळा पडले होते हो! तर एका मुलीने फक्त एवढंच लिहिलं, "ताई, पहिला मोजतात." कुणी टोमणा मारला नाही, कुणी स्क्रीनशॉट फिरवला नाही. मशीन गेलं. आणि त्या गेलेल्या मशीनवरून पुढे दोन महिने जी गोष्ट झाली, शेजारीण पुढे कशावर पोट भरणार, नर्सला वाटणारा अपराध, ती माझी तिथली सगळ्यात आवडती गोष्ट आहे, सोळा मोजले असते तर काय, मशीन माडीवर आणि विषय संपला.

टाइमप्लीजचं सांगते. समोरासमोर टेबलाभोवती बसून खेळणाऱ्यांमध्ये एक्स-कार्ड असतं, म्हणजे मधे एक कार्ड ठेवायचं, त्यावर फुली, एखादा प्रसंग झेपत नसेल तर त्याला हात लावायचा आणि सगळ्यांनी तो प्रसंग सोडून पुढे जायचं, कारण द्यायचं नाही. आमच्याकडे त्यासाठी लहानपणीचाच शब्द घेतलाय. डोंगर का पाणी खेळताना टाइमप्लीज म्हटलं की राज्य घेतलेला पोरगा कितीही जवळ असला तरी थांबायचा ना, तसं. सर्व्हर अठरा वर्षांवरच्यांसाठीच आहे, आणि प्रेमाचे वगैरे प्रसंग एका हद्दीपुढे गेले की 'पडदा' लिहून थेट दुसरी सकाळ, ते वेगळं. टाइमप्लीज म्हणजे आत्ता, इथे, थांबा.

12 जुलैच्या प्रसंगात काकांचा पोरगा लकडी पुलाकडे पाणी बघायला गेला होता. खरंच तेव्हा लोक पाणी बघायला पुलांवर गेले होते, तर ते बरोबरच होतं. मॉड निवेदक म्हणून लिहित होता, आणि फार सुंदर लिहित होता, गल्लीत पाणी शिरतानाचा आवाज, भांडी आपटण्याचा आवाज, तीन पोस्ट सलग. आणि काकांची पोस्ट आली, पात्राच्या नावाने नाही, स्वतःच्या नावाने. टाइमप्लीज.

मॉडने लिहिलं "थांबलो". बास. त्यानंतर त्या चॅनलवर दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी गोष्ट सुरू झाली ती थेट 13 जुलैपासून, नळाला पाणी नाही, वाड्यातल्या विहिरीवर रांग, चिखल. पुलाचा प्रसंग कुणी लिहिलाच नाही. पोरगा जिवंत होता, विहिरीच्या रांगेत घागर घेऊन उभा होता, काकांनी त्याला गप्प केलं होतं फक्त, आधी फार बडबड्या होता. आणि कट्ट्यावरसुद्धा कुणी विचारलं नाही.

मग फेब्रुवारीत आम्ही काही जण प्रत्यक्ष भेटलो. त्याचेही नियम आहेत, न विचारता फोटो नाही, आडनाव-नोकरी विचारायची नाही, आणि ज्याला यायचं नाही त्याला का नाही विचारायचं नाही. ओंकारेश्वरापासून लकडी पुलापर्यंत चालत गेलो, गोष्टीतल्या जागा बघत, "इथे तुझं दुकान", "इथे माझी सायकल गेली", रस्त्यावरच्यांना वेड लागलंय असंच वाटलं असणार. पुलावर काका कठड्याला हात लावून म्हणाले, "मी इथे, या टोकाला उभा होतो. आठ वर्षांचा." आणि लगेच, "चहा कुठे घ्यायचा आपण?"

आमच्यात एक तेवीस वर्षांचा मुलगा आहे, वाचलेलं खूप, तो एकदम लालबुंद झाला. कारण याने मागे कट्ट्यावर काकांशी दोन दिवस वाद घातला होता, की 1957 पासून नये पैसे आलेत तर 1961 मध्ये पात्राने "चार आणे" म्हणणं चूक आहे, आणि काकांनी "असेल बाबा" म्हणून सोडून दिलं होतं. तो म्हणाला, "काका तुम्ही तेव्हाच सांगायचं ना, की तुम्ही होतात तेव्हा." काका म्हणाले, "सांगितलं असतं तर तुम्ही खेळला नसतात माझ्याशी, मुलाखत घेतली असतीत."

(आणि हो, लोक चार आणेच म्हणायचे. माझी आई अजूनही म्हणते.)

नावडलेल्या आणखी दोन गोष्टी. एक, मधे एक जण एआयकडून पोस्ट लिहून आणायचा. लगेच कळायचं, कारण बाकीचे लिहितात "तो चिडला" आणि याच्या पोस्टमध्ये "त्याच्या डोळ्यांत एक अनामिक वादळ घोंघावत होतं", आणि तीन परिच्छेदांत एकाही गोष्टीला उत्तर नाही, मी त्याला सरळ विचारलंय की घागर देतोस का, आणि हा वादळ घोंघावतोय. आम्ही अर्धा तास डोकं लावून लिहायचं आणि समोरून अर्ध्या मिनिटात हे, मग मला राग येणारच. मॉडने त्याला समजावलं पण नियम अजून स्पष्ट केलेला नाहीये, तो करावा. दोन, पोस्टसाठी 48 तास देतात आणि मग तुमची पाळी पुढे जाते, ते ठीक, पण महिनाअखेरीला ज्यांचं रिलीज असतं (हिंजवडीवाले हात वर करा) त्यांची पात्रं कायम पुतळ्यासारखी उभी दिसतात. गणपतीत मात्र दहा दिवस सगळा सर्व्हर बंद, कारण निम्मी जनता ढोल-ताशा पथकात, ते एकदम योग्य.

नव्यांसाठी 'कच्चा लिंबू' चॅनल आहे, पहिले पंधरा दिवस तिथे कितीही चुका माफ, कुणी आउट करत नाही, आणि एक जुना खेळाडू तुमच्यासोबत खेळतो. माझ्यासोबत जी होती ती माझी एकेक पोस्ट वाचून फक्त एकच प्रश्न विचारायची, "यात समोरच्याला करायला काय ठेवलंस?" आधी डोक्यात जायची. मग लक्षात आलं, मी दोनशे शब्दांत माझ्या नर्सचं मन, तिची साडी, तिची आठवण, पाऊस सगळं लिहित होते आणि समोरचा बिचारा दारात उभा, त्याला आत ये सुद्धा म्हटलेलं नाही.

खर्च शून्य, बॉटसाठी वर्षाला कुणी स्वखुशीने पैसे देतं, मागत नाहीत. वेळ मात्र जातो, रोजचा तास धरा. रेटिंग पाचपैकी चार, तो एक स्टार वाडामालकाच्या स्वप्नात गेला. गोष्ट सध्या ऑगस्ट 1961 मध्ये आहे, नर्सचा आणि शेजारणीचा अबोला संपायची लक्षणं नाहीत, आणि काकांचा पोरगा हल्ली परत बोलायला लागलाय. आत यायचं असेल तर कुणीतरी ओळखीचं शोधा आणि अर्ज करा. अर्जात पात्राची कमजोरी नावाचा रकाना असतो, तिथे "जरा जास्तच हळवी आहे" असलं लिहू नका, माझा पहिला अर्ज त्याच्यावरूनच परत आला होता.